दोन ‘प’ एकत्र नकोत

मागच्या अंकात या सदरात मी ताप मोजण्याबद्दल थोडं लिहिलं होतं. शेवटी सहज म्हटलं होतं, की पॅरासिटामॉल हे ताप-अंगदुखीवरचं चांगलं आणि सुरक्षित औषध आहे, फक्त मापात घ्यावं. त्या ‘मापात’ शब्दावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. त्यातली पाच घेते आहे. नाव कुणाचंच छापत नाही. मी डॉक्टर नाही. चोपडा तालुक्यातल्या एका बाजारगावात सत्तावीस वर्षं मेडिकल चालवणारी फार्मासिस्ट आहे, आणि काउंटरवर उभं राहून जे बघितलं ते सांगते आहे.

ताई, आईचं वय ६८, वजन ४२ किलो. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी ती वर्षभर सकाळ-संध्याकाळ घेते. परवा ताप आला म्हणून मी डोलो ६५० दिवसातून तीनदा सुरू केली. नाकही वाहत होतं, म्हणून सर्दीची गोळी तीनदा. तिन्ही औषधं वेगळ्या आजारांची आहेत, तरी तिला दोन दिवस मळमळतंय आणि जेवण जात नाही. गोळ्या उष्ण पडल्या असतील का? — एक शिक्षक, अमळनेर

सर, तुमचं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी फोन केला होता. तुम्ही लगेच आईंना दवाखान्यात नेलंत, रक्त तपासून घेतलंत, हे फार चांगलं झालं. यकृताच्या तपासणीत आकडे वाढलेले निघाले आणि गोळ्या थांबवल्यावर ते उतरले, हे तुम्हीच कळवलंत. आता बाकीच्यांसाठी तो हिशेब इथे मांडते.

तुम्ही फोनवर वाचून दाखवलेल्या तिन्ही स्ट्रिपांची मागची बाजू अशी होती. गुडघ्याची गोळी : ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. दिवसातून दोन, म्हणजे पॅरासिटामॉल ६५०. तापाची गोळी : पॅरासिटामॉल ६५०, तीन वेळा, म्हणजे १९५०. सर्दीची गोळी : इतर दोन औषधांसोबत पॅरासिटामॉल ५००, तीन वेळा, म्हणजे १५००. बेरीज ४१००.

तब्येतीने धडधाकट, पन्नास किलोच्या वरच्या माणसासाठी चोवीस तासांतली शेवटची हद्द ४००० मिलिग्रॅम आहे. मी दुकानात ३००० वरच थांबायला सांगते, कारण घरात आणखी कुठून पॅरासिटामॉल पोटात जातंय ते मला दिसत नसतं. आईंचं वजन ४२ किलो. अशा माणसाला एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या वर नको, म्हणजे त्यांना साधारण सहाशे. मी त्यांना ५०० ची एक गोळी, सहा-सहा तासांनी, दिवसात फार तर चार असं सांगितलं असतं. ते झाले २०००. आणि त्यांच्या पोटात त्याच्या दुप्पट गेलं, तेही ताप असताना, उपाशीपोटी.

उपाशी राहण्याचा संबंध काय, हे तुम्ही फोनवर विचारलं होतं. पॅरासिटामॉल शरीरातून बाहेर टाकायचं काम यकृताचं. बहुतेक औषध ते सरळ मार्गाने निकाली काढतं. पण त्यातल्या थोड्या भागाचं एक विषारी द्रव्य बनतं. ते लगेच निष्प्रभ करायला यकृताकडे ग्लुटाथायॉन नावाचा साठा असतो. मापात घेतलं तर हा साठा पुरून उरतो, म्हणून तर इतकी वर्षं आपण हे औषध निर्धास्त देतो. माप ओलांडलं की विष जास्त बनतं, साठा संपतो, आणि मग ते यकृताच्याच पेशी मारायला लागतं. जो नीट जेवलेला नाही, वाळलेला आहे, वयाने थकलेला आहे, त्याचा साठा मुळातच कमी.

यातली मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती गोष्ट अशी, की पहिल्या दिवशी कळतच नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी, घाम, किंवा काहीच नाही. दुसऱ्या दिवशी माणसाला बरंही वाटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरगडीखाली उजवीकडे दुखतं, डोळे पिवळे होतात. तोवर बराच उशीर झालेला असतो. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण जास्तीची गोळी पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत मिळाला तर तो सगळ्यात चांगला काम करतो. म्हणून चुकून जास्त गेलं असं लक्षात आलं तर त्रास व्हायची वाट बघू नका. सगळ्या रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत घाला, किती वाजता किती घेतल्या ते कागदावर लिहा आणि मोठ्या दवाखान्यात जा. आठ तास उलटून गेले असतील तरीही जा.

उष्ण-थंडाचा यात काही भाग नाही, सर. गोळी एकच होती, तिची नावं तीन होती. क्रोसिन, कॅलपोल, मेटासिन, डोलो या सगळ्यांत पॅरासिटामॉलच आहे. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेनच्या जोडीला आहे. सॅरिडॉनमध्येही आहे. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत आहे. अमेरिकेत असलेल्या मुलाने पाठवलेल्या बाटलीवर ‘ॲसिटामिनोफेन’ लिहिलेलं असतं, तेही हेच.

माझ्या काउंटरवर एक लाल मार्कर असतो. ज्या स्ट्रिपमध्ये पॅरासिटामॉल आहे तिच्यावर मी मोठा ‘प’ काढते आणि गिऱ्हाइकाला सांगते, घरात दोन ‘प’ एका वेळी पोटात जाऊ द्यायचे नाहीत. बाजाराच्या दिवशी पाड्यावरून येणाऱ्या, अक्षर न वाचता येणाऱ्या बायांनाही ती खूण ओळखू येते. एकीने तर घरातल्या सगळ्या गोळ्या ओच्यात बांधून आणल्या होत्या, ‘कोणाकोणावर प काढायचा ते काढून दे’ म्हणून. तुम्ही शाळेत शिकवता. एक दिवस मुलांना घरच्या स्ट्रिपांची मागची बाजू वाचून यायला सांगा.

हा ‘प’ मी काढायला लागले त्यामागे माझी एक चूक आहे. ती पुढच्या पत्राच्या उत्तरात सांगते.

माझं बाळ १४ महिन्यांचं आहे, वजन १० किलो. तापाचं पातळ औषध किती द्यायचं? शेजारच्या काकू म्हणतात एक चमचा, नणंद म्हणते अर्धा. घरात दोन बाटल्या आहेत, एक मोठी, एक ड्रॉपरची. — एक आई, शिरपूर

ताई, काकूही बरोबर असू शकतात आणि नणंदही, कारण दोघींच्या बाटल्या वेगळ्या असतील. तुमच्याही दोन्ही बाटल्या वेगळ्या आहेत.

माझं दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एक बाई घाईघाईने आली, ‘ताई, मना पोऱ्याले ताप शे, औषध दे.’ दुकानात गर्दी होती. मी ड्रॉप्सची बाटली काढून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. किती द्यायचं हे सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. आधीच्या वेळी तिने सिरप नेलं होतं आणि एक चमचा दिलं होतं, तसंच तिने याही वेळी दिलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली, बाटली संपली म्हणून. पंधरा मिलीची बाटली एका दिवसात! माझे हातपाय गार पडले. ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम होतं. म्हणजे दहा किलोच्या त्या लेकराच्या पोटात एका दिवसात १५०० मिलिग्रॅम गेलं होतं. मी शटर ओढलं, तिच्यासोबत रिक्षात बसले, जळगावला गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सलाइनमधून उतारा दिला, तीन दिवस ठेवून घेतलं. मूल सुखरूप घरी आलं. आज तो मुलगा केळीच्या ट्रकवर जातो आणि दुकानासमोरून जाताना हात करतो. तो दिसला की मला ती बाटली आठवते. चूक त्या आईची नव्हती. सांगणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

आता तुमचं बाळ. मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर काढायचा : एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोला १०० ते १५० मिलिग्रॅम. मग बाटली बघायची. साध्या सिरपवर ‘५ मिलीमध्ये १२०’ किंवा ‘१२५’ लिहिलेलं असतं, त्यातलं ५ मिली. तेच सिरप ‘५ मिलीमध्ये २५०’ असं दुप्पट ताकदीचंही मिळतं, त्यातलं अडीच मिली. ड्रॉपरची बाटली ‘१ मिलीमध्ये १००’ असेल तर एक मिली. पाचाऐवजी एक, एवढा फरक आहे. ड्रॉप्सचं नाव ऐकून लोकांना ते हलकं वाटतं, म्हणून परत लिहिते : ड्रॉप्स सगळ्यात दाट असतात.

दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा, चार तासांच्या आत तर नाहीच. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नको. घरातला चमचा वापरू नका. साखरेचा, चहाचा, पोह्यांचा, प्रत्येकाचं माप निराळं. बाटलीसोबतची टोपी किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. माझ्याकडे आलात तर सिरिंजवर मार्करने रेघ मारून देईन. आणि दिलेली वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सकाळी तुम्ही दिलं, दुपारी सासूबाईंनी दिलं, संध्याकाळी बाळाच्या वडिलांनी दिलं, आणि कुणी कुणाला सांगितलंच नाही, असं घराघरात होतं.

सर्दी-खोकल्याचं मिश्र सिरप सोबत देऊ नका, त्यातही ‘प’ असू शकतो. क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलएफ्रीन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलेलं आहे. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे, तरी अजून कुणीकुणी ‘ताप लवकर उतरतो’ म्हणून मागायला येतं. मी देत नाही. ॲस्पिरिनही लेकराला कधी नको.

थर्मामीटरवर १०० दिसलं की लगेच औषध, असंही नको. मूल खेळतंय, दूध पितंय, तर नुसतं अंग गरम आहे म्हणून त्याला झोपेतून उठवून पाजू नका. कुरकुर करतंय, अंग दुखतंय, पीत नाहीये, तेव्हा द्या. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर घरी काहीच द्यायचं नाही, सरळ डॉक्टर. मोठं मूलही सुस्त पडलं, धाप लागली, झटका आला, अंगावर दाबल्यावरही फिके न पडणारे लाल-जांभळे ठिपके आले किंवा ताप तीन दिवसांच्या पुढे गेला, तर बाटली ठेवा आणि निघा.

मेमध्ये आमच्या बागेत केळीचे घड कापणाऱ्या टोळीतला एक पोरगा दुपारी चक्कर येऊन पडला. अंग तव्यासारखं तापलेलं. आम्ही लगेच तापाच्या दोन गोळ्या पाण्यासोबत दिल्या, पण ताप उतरला नाही. गोळी खोटी होती का? — केळी उत्पादक, रावेर

भाऊ, गोळी खरी होती. तो ताप नव्हता.

जंतूंमुळे ताप येतो तेव्हा मेंदूतलं तापमानाचं बटण वर सरकलेलं असतं, शरीर स्वतः अंग तापवत असतं. पॅरासिटामॉल ते बटण खाली आणतं. ऊन लागतं तेव्हा बटण जागेवरच असतं. बाहेरची उष्णता अंगात कोंडते आणि घामाने ती काढून टाकायची ताकद संपते. तिथे गोळीला खाली आणायला काही नसतंच. उलट उष्माघातात यकृताला आधीच मार बसलेला असतो, त्यावर हे औषध म्हणजे आणखी ओझं. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो तो काळ आपण दरवर्षी काढतो, म्हणून ही गोष्ट खानदेशात प्रत्येक शेतमालकाला माहीत असायला पाहिजे.

तुमच्या बागेत औषधापेक्षा उपयोगी वस्तू हाताशी होती, पाणी. असा माणूस दिसला की त्याला सावलीत आडवा करा, अंगावरचे कपडे सैल करा, मोटर चालू करून नळीने सगळ्या अंगावर पाणी सोडा, वारा घाला. बागायती रुमाल भिजवून मानेवर, काखेत, जांघेत ठेवा, बर्फ मिळाला तर त्यात गुंडाळून. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. तो बरळत असेल, ओळखत नसेल, शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी, गोळी, काहीच घालायचं नाही, श्वासनलिकेत जाईल. शुद्धीवर असेल तर घोट-घोट ओआरएस द्या. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. पुढच्या मेमध्ये कापणी पहाटे सुरू करून दहाच्या आत आटपा, एवढं माझं ऐका.

कॉलनीत डेंग्यूचे रुग्ण आहेत. तापात अंग इतकं मोडून येतं की पॅरासिटामॉलने भागत नाही. दुखण्याचं इंजेक्शन घ्यावं का? — भुसावळ

नाही. डेंग्यू नाही असं नक्की होईपर्यंत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, ॲस्पिरिन यांतलं काहीही गोळीतून किंवा सुईतून घेऊ नका. त्या तापात प्लेटलेट कमी होतात आणि ही औषधं रक्तस्रावाला वाट करून देतात. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र ती स्वतः बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. पॅरासिटामॉल पुरेसं वाटलं नाही तरी वरचा डोस घ्यायचा नाही, डेंग्यूत यकृतही सुजतं. पाणी, ताक, नारळपाणी, पेज भरपूर. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप ओसरतानाच धोका असतो. पोटात जोराने दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, यातलं एकही दिसलं तर भरती व्हायचं.

माझे मिस्टर रोज दारू घेतात. सकाळी डोकं धरतं म्हणून दोन गोळ्या घेतात, दुपारी परत एक, आणि कामावर जातात. कधी-कधी सॅरिडॉनही असते. मी काही म्हटलं की म्हणतात, तापाची तर गोळी आहे. काही होतं का याने? — शहादा तालुका

ताई, होतं. तुमची काळजी अगदी योग्य आहे.

रोज दारू घेणाऱ्याच्या यकृतात ते विषारी द्रव्य बनवणारी यंत्रणा जास्त जोराने चालते, आणि वर सांगितलेला ग्लुटाथायॉनचा साठा कमी झालेला असतो, जेवण धड नसल्याने आणखी कमी. म्हणजे इतरांना जो डोस सोसतो तो त्यांना जड जाऊ शकतो. अशा माणसाने चोवीस तासांत २००० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि तेवढंही डॉक्टरांना विचारूनच. ‘मग ब्रुफेन (म्हणजे आयब्युप्रोफेन) देते’ असं करू नका. दारूने सोललेल्या जठरावर ती गोळी पडली तर रक्ताची उलटी होते, हे मी आमच्या गावात पाहिलं आहे.

दुसरी एक गोष्ट त्यांना शांतपणे सांगा. महिन्यात पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त वेळा डोकेदुखीची गोळी घेतली, तर काही महिन्यांनी गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मिश्र गोळ्या असतील तर महिन्यात दहा दिवस घेतल्या तरीही. मग गोळी घेतली की तेवढ्यापुरतं थांबतं, उतरली की परत दुखतं. त्यांचं रोजचं डोकं यातलंही असू शकतं, किंवा रक्तदाबाचंही. आधी रक्तदाब मोजून घ्या, आमच्यासारख्या मेडिकलमध्येही मोजून मिळतो. यकृताची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या. दारू सोडायला ते तयार झाले तर एकदम घरीच बंद करू देऊ नका. रोज पिणाऱ्याला अचानक थांबवल्यावर हातपाय थरथरतात, भास होतात, झटकेही येतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे घेऊन जा. एकटीने जमत नसेल तर आशाताईंना सोबत घ्या.

डोळ्यांत पिवळेपणा, पोट फुगणं, लघवी गडद चहासारखी, काळी शी, असं काही दिसलं तर त्या दिवशी कामावर पाठवू नका.

थोडी जागा उरली आहे. पारोळ्याहून एका आजींनी पोस्टकार्डावर तीनच ओळींत विचारलंय : गोळी रिकाम्या पोटी चालते का, आणि मागच्या वर्षीची घ्यावी का. आजी, नुसतं पॅरासिटामॉल मापात असेल तर रिकाम्या पोटी चालतं. जोडगोळी असेल, म्हणजे सोबत डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असेल, तर भाकरी खाऊनच. मागच्या वर्षीची गोळी तारीख बघून घ्या. तारीख गेली असेल तर नको, आणि तारीख असूनही ती पत्र्याच्या घरात, टीव्हीवर किंवा चुलीजवळच्या फडताळात उन्हाळाभर राहिली असेल, रंग बदलला असेल, भुगा होत असेल, तरी नको. नवी स्ट्रिप काही रुपयांत मिळते, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त. आणलीत की नातवाकडून मागची बाजू वाचून घ्या आणि तिच्यावर ‘प’ काढायला सांगा.